खेळात भांडणारं लेकरू वाईट नसतं: एडीएचडी असलेल्या मुलांना खेळातूनच बोलणं-वागणं कसं शिकवायचं, वाचा सविस्तर

प्रत्येक गावात, वस्तीवर असं एखादं पोरगं असतंच. लगोरी रचून व्हायच्या आत चेंडू मारून मोकळं होतं. पाळी दुसऱ्याची असताना बॅट सोडत नाही. आउट दिलं की रडतं, नाहीतर अंगावर धावून जातं. दुसरा बोलत असताना मध्येच तोंड घालतं. चार दिवस पोरं सहन करतात, पाचव्या दिवशी त्याला 'रड्या' नाव पडतं आणि मग कुणी खेळायलाच घेत नाही. मोठी माणसं म्हणतात, "वांड आहे, लाडानं बिघडलंय."

यातली बरीच पोरं नुसती खोडकर असतात आणि वय वाढलं की निवळतात. पण काहींना एडीएचडी असतो. जगभरात साधारण 100 मुलांमागे 5 मुलांमध्ये तो आढळतो असं मानलं जातं. म्हणजे 40 पोरांच्या वर्गात एक-दोन मुलं असू शकतात. अशा मुलांच्या मार्कांची काळजी सगळे करतात. मैत्री तुटते त्याकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. ही माहिती त्यासाठीच आहे. अगोदरच सांगतो, लिहिणारा डॉक्टर नाही. मुलाला एडीएचडी आहे की नाही आणि उपचार काय, हे डॉक्टरच ठरवतील. घरी आणि अंगणात आपण काय करू शकतो, तेवढं इथे मांडलं आहे.

एडीएचडी म्हणजे नेमकं काय?

पूर्ण नाव अटेन्शन डेफिसिट हायपरअ‍ॅक्टिव्हिटी डिसऑर्डर. मराठीत त्याला अवधान-अस्थिरता आणि अतिचंचलता म्हणतात. याच्या तीन तऱ्हा आहेत. काही मुलांचं लक्ष टिकत नाही. काही मुलं सतत चुळबुळ करतात आणि विचार न करता पटकन कृती करतात. काहींमध्ये दोन्ही असतं. मुलींमध्ये बऱ्याचदा पहिला प्रकार दिसतो. मुलगी शांत बसलेली असते, पण मन भलतीकडेच. ती कुणाला त्रास देत नाही, त्यामुळे तिचं निदान राहून जातं.

हा आजार आई-बापाच्या लाडानं, गोड खाण्यानं किंवा कुणाच्या नजरेनं होत नाही. मेंदूच्या वाढीचा हा भाग आहे आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. 2007 साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी एडीएचडी असलेल्या 223 मुलांच्या मेंदूची छायाचित्रं तपासली. इतर मुलांच्या मेंदूचं बाहेरचं आवरण वाढीचा जो टप्पा साधारण साडेसात वर्षांला गाठतं, तो या मुलांमध्ये साधारण साडेदहा वर्षांला आला. वाढीचा क्रम तोच होता, फक्त उशिरा. सर्वांत जास्त उशीर दिसला तो लक्ष देणं आणि स्वतःला आवरणं या कामाच्या भागात.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर विहिरीवरची मोटार पूर्ण दाबाने चालू आहे, पण दारं धरणारा गडी अजून लहान आहे. पाणी कुठल्या वाफ्यात जाईल याचा नेम नाही. मोटारीला शिव्या देऊन उपयोग नाही. दारं धरायला शिकवावं लागतं, आणि तोवर कुणीतरी मोठ्यानं शेजारी उभं राहावं लागतं.

नियम माहीत असतो, त्या क्षणी जमत नाही

ही गोष्ट नीट समजून घेतली तर पुढचं सगळं सोपं जातं. घरात शांत बसलेल्या अशा पोराला विचारा, "पाळी नसताना बॅट घ्यावी का?" ते बरोबर उत्तर देईल, "नाही." त्याला सगळं माहीत असतं. पण चेंडू समोर आला, पोरांचा आरडाओरडा सुरू झाला की ते माहीत असलेलं वेळेवर आठवत नाही. हात आधी चालतो, डोकं मागून येतं.

म्हणून खेळ संपल्यावर घरी बसवून अर्धा तास उपदेश केला तर फार फरक पडत नाही. परदेशातही हा अनुभव आहे. मुलांना वर्गासारखं बसवून 'समाजात कसं वागावं' हे शिकवण्याच्या कार्यक्रमांवर अनेक अभ्यास झाले. कॉक्रेन या संस्थेनं 2019 मध्ये त्यांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा एडीएचडी असलेल्या मुलांना त्याचा ठळक फायदा झाल्याचं दिसलं नाही.

दुसरीकडे ऑस्ट्रेलियात सिडनीतल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट मंडळींनी वेगळी वाट धरली. त्यांनी 5 ते 11 वर्षांची, एडीएचडी असलेली 14 मुलं घेतली आणि प्रत्येकासोबत एक सवंगडी घेतला. दोघांना खेळायला द्यायचं, खेळाचा व्हिडिओ काढायचा, पुढच्या वेळी तो दोघांना दाखवायचा आणि मग लगेच पुन्हा खेळायला सोडायचं. मुलांच्या एकमेकांसोबत खेळण्यात सुधारणा दिसली. 2011 साली हा अभ्यास छापून आला. अभ्यास लहान होता, त्यामुळे तो रामबाण आहे असं कुणी म्हणू नये. पण त्यातली कल्पना कुठल्याही अंगणात करता येण्यासारखी आहे: जिथे चुकतं तिथेच, खेळता खेळता शिकवायचं.

सुरुवात कशी करावी?

एकच सवंगडी निवडा. दहा पोरांच्या घोळक्यात सोडू नका. शांत स्वभावाचा, शक्यतो थोडा मोठा एक मित्र, चुलत भाऊ किंवा शेजारची ताई पुरे. अशा मुलाला दहा मित्र नसले तरी चालतं, एक पक्का मित्र मात्र लागतो.

वेळ कमी ठेवा. सुरुवातीला 15 ते 20 मिनिटं. भांडण होण्याआधी, मजा चालू असतानाच खेळ थांबवा. म्हणजे दोघांनाही उद्या पुन्हा यावंसं वाटतं.

वेळ ठरलेली ठेवा. शाळेतून आल्यावर खाणं झालं, हातपाय धुतले की खेळ. भुकेलं, झोपेला आलेलं लेकरू लवकर चिडतं.

एका दिवशी एकच गोष्ट. "आज फक्त पाळीची वाट बघायची." ऐकायचं कसं, हरायचं कसं, सगळं एकदम सांगू नका. ती एक गोष्ट जमायला पंधरा दिवस लागले तरी चालेल.

खेळ सुरू होण्याच्या अगदी आधी आठवण द्या. सकाळी सांगितलेलं संध्याकाळपर्यंत राहत नाही. मैदानात पाऊल टाकताना जवळ जा, डोळ्यांत बघा, चार शब्दांत सांगा आणि त्याच्याकडून वदवून घ्या: "मग आज काय करायचं, सांग बरं?"

जमलं की लगेच बोला. "शाब्बास" एवढंच पुरेसं नाही. काय जमलं ते सांगा: "तिची पाळी होईपर्यंत थांबलास, बघितलं मी." संध्याकाळी कौतुक करायचं म्हणून ठेवू नका. या मुलांना मोबदला हातोहात लागतो.

कुठल्या खेळातून काय शिकायला मिळतं?

यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. आपल्याकडचे खेळच कामाचे आहेत.

पाळीची वाट बघणं: सापशिडी, सागरगोटे, कॅरम, गोट्या. दोघांतच खेळा, म्हणजे पाळी लवकर येते. एखादी वस्तू 'पाळीची खूण' म्हणून ठेवा, चिंचोका किंवा बांगडी चालेल. ज्याच्या हातात खूण, त्याची पाळी. डोळ्यांना दिसणारी खूण तोंडी सूचनेपेक्षा जास्त काम करते. दोघांत जमलं की तिसरा गडी घ्या.

थांबणं आणि स्वतःला आवरणं: स्टॅच्यू हा त्यासाठी सोपा खेळ. "स्टॅच्यू" म्हटलं की आहे तसं गोठायचं. पळणं आणि थांबणं दोन्ही असल्यानं पोरांना कंटाळा येत नाही. सुरुवातीला तीन सेकंद, मग पाच, मग दहा. खो-खो तर यासाठीच केला असावा असं वाटतं. आठ गडी एकाआड एक उलट तोंडं करून बसतात आणि पाठीवर खो मिळेपर्यंत उठायचं नसतं. बसलेल्याचं सगळं लक्ष खोवर असावं लागतं. पण खो-खो लगेच नको, दोन-तीन गड्यांचे खेळ जमल्यावर.

ऐकणं: 'शिवाजी म्हणतो' हा खेळ घ्या. शिवाजी म्हणतो असं आधी आलं तरच कृती करायची, नाहीतर गप्प उभं राहायचं. पूर्ण वाक्य ऐकल्याशिवाय हात उचलायचा नाही, ही सवय इथे लागते. कानगोष्टीही चांगल्या. कानात सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं पुढे पोहोचवायचं. चुकलं तर सगळेच हसतात, त्यामुळे चुकल्याचं ओझं एकट्यावर येत नाही.

दुसऱ्याचं मन ओळखणं: भातुकली, दुकान-दुकान, शाळा-शाळा. यात भूमिका बदलता येतात. जे पोरगं नेहमी मास्तर होतं, त्याला आज विद्यार्थी करा. दुकानात गिऱ्हाईक रागावून आलंय असं सोंग घ्या आणि विचारा, "आता दुकानदारानं काय बोलावं?" तोंडं करून दाखवायचा खेळही घ्या: खूश, रुसलेलं, घाबरलेलं, कंटाळलेलं. दुसऱ्यानं ओळखायचं. एडीएचडी असलेल्या मुलांच्या घाईत समोरच्याचा चेहरा बघायचा राहून जातो. मित्र कंटाळलाय, चिडलाय हे कळत नाही. या खेळात चेहरा बघावाच लागतो.

मिळून काम करणं: लगोरी. एकानं चेंडू चुकवायचा, एकानं ठिकऱ्या रचायच्या. कोण काय करणार ते आधी बोलून ठरवायला लावा. हे ठरवणंच महत्त्वाचं, कारण त्यात दुसऱ्याचं म्हणणं ऐकावं लागतं.

टाइमप्लीज, कच्चं लिंबू आणि रडीचा डाव

आपल्या पोरांच्या खेळात काही जुने कायदे आहेत. ते इथे फार उपयोगी पडतात.

टाइमप्लीज: दम लागला, चप्पल तुटली की पोरं टाइमप्लीज घेतात आणि तेवढ्यापुरतं कुणी त्यांना आउट करत नाही. राग चढायला लागला की हेच वापरायला शिकवा. टाइमप्लीज म्हणायचं, बाजूला जायचं, रांजणातलं पाणी प्यायचं, दहा श्वास घ्यायचे, परत यायचं. सवंगड्यांनाही हे माहीत असू द्या. हा सगळ्यांसाठीचा नियम असल्यामुळे कुणाला लाज वाटत नाही. मात्र राग आल्यावर हे शिकवता येत नाही. शांत असताना दोन-चार वेळा खोटं-खोटं करून बघावं लागतं.

कच्चं लिंबू: लहान पोराला खेळात घेतात, पण त्याचं आउट होणं मोजत नाहीत. एडीएचडी असलेल्या मुलाला दया म्हणून कायमचं कच्चं लिंबू करू नका. वयानं मोठं असताना ते नाव लागणं त्याला टोचतं आणि हरण्याची सवयही लागत नाही. त्यापेक्षा खेळ लहान करा, गडी कमी करा, नियम दोनच ठेवा. पण त्या दोन नियमांत ते पूर्ण गडी असू द्या.

रडीचा डाव: हरणं पचत नाही ही मोठी अडचण. त्यासाठी दोन मिनिटांत संपणारे खेळ घ्या. फुली-गोळा, सम-विषम, पंजा लढवणं. पाच मिनिटांत तीनदा हरतं, तीनदा जिंकतं. हरणं म्हणजे जग बुडालं नाही हे अंगवळणी पडतं. घरातल्या मोठ्यांनीही हरून दाखवावं आणि तोंडानं म्हणावं, "हरलो बुवा! चल, अजून एक डाव." पोरं सांगितलेलं कमी आणि बघितलेलं जास्त उचलतात.

बोलायचं काय, ते तोंडपाठ करून घ्या

अडलेल्या वेळी या मुलांना शब्द सुचत नाहीत, म्हणून हात चालतो. चार-पाच तयार वाक्यं दिली तर ती कामाला येतात:

"मला पण घेता का रे?" (खेळ अर्धा झाला असेल तर डाव संपेपर्यंत थांबून)
"यानंतर कुणाची पाळी?"
"तुझं होऊ दे, मग मी सांगतो."
"मला राग आलाय. टाइमप्लीज."
"चुकलं माझं. चल, परत खेळू."

ही वाक्यं रोज जेवताना, गोठ्यात काम करताना, खेळासारखी म्हणून घ्या. तुम्ही मित्र व्हा, त्याला विचारू द्या. कधी तुम्ही "नाही घेत जा" म्हणा आणि मग काय करायचं तेही शिकवा: "बरं, पुढच्या डावाला घ्या", असं म्हणून बाजूला बसायचं. नकार ऐकून घेणं हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे.

मध्येच बोलायची सवय असेल तर घरात एक लाटणं किंवा कणीस 'माइक' करा. ज्याच्या हातात माइक, तोच बोलणार. आजी-आजोबांनाही हाच नियम. गोष्ट सांगताना मूल भरकटत असेल तर तीनच बोटं दाखवा: आधी काय झालं, मग काय झालं, शेवटी काय झालं.

मोबाइलचा चांगला उपयोग

मोबाइल हातात दिला की पोरगं तासभर शांत बसतं, हे खरं. पण त्या तासात समोर माणूस नसतो. थांबायला, ऐकायला, चेहरा बघायला काही लागत नाही. त्यामुळे मैत्री करायची शिकवण त्यातून मिळत नाही.

मोबाइल असा वापरा: खेळ चालू असताना दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा. दुसऱ्या दिवशी खेळाच्या आधी दोघा सवंगड्यांना दाखवा. आधी चांगलं वागलेली जागा दाखवा. मग एकच चुकलेली जागा दाखवून विचारा, "इथे हिचं तोंड कसं झालंय? काय केलं असतं तर हिला बरं वाटलं असतं?" उत्तर त्यालाच देऊ द्या आणि लगेच खेळायला सोडा. हा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर किंवा स्टेटसला चुकूनही टाकू नका. लेकराची फजिती गावभर झाली की त्याचा तुमच्यावरचा विश्वास उडतो. दुसऱ्याच्या मुलाचा व्हिडिओ काढण्याआधी त्याच्या आई-वडिलांना विचारा.

गुरुजी आणि बाईंना विनंती

खेळाचा तास बंद करणं ही शिक्षा अशा मुलाला देऊ नका. पळणं ही त्याची गरज आहे आणि मैत्री शिकायची जागाही तीच. गडी निवडताना दोन कॅप्टन करून एकेकाला बोलावलं की हे पोर नेहमी शेवटी उरतं. त्याऐवजी एक-दोन, एक-दोन मोजून गट पाडा. त्याला काम द्या: चेंडू आणणं, चुन्यानं रेघ मारणं, गुण मोजणं. काम असलं की हातही गुंततात आणि पोरांत मानही मिळतो.

तपासणी कुठे करायची?

लक्षणं वयाच्या 12 वर्षांआधीपासून असतील, सहा महिन्यांहून जास्त टिकली असतील आणि घर व शाळा अशा दोन्ही ठिकाणी दिसत असतील तर दाखवून घ्या. फक्त शाळेत किंवा फक्त घरीच त्रास असेल तर कारण वेगळंही असू शकतं. कान आणि डोळे आधी तपासा. ऐकू कमी येणारं मूलही लक्ष न देणारं वाटतं.

1) राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम (आरबीएसके): 2013 साली सुरू झालेल्या या योजनेत 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. तपासायच्या आजारांच्या यादीत एडीएचडीचं नाव आहे. पथक आलं की नुसतं वजन-उंचीवर थांबू नका, वागण्याची अडचणही सांगा.

2) जिल्हा स्तरावरचं डीईआयसी केंद्र: पथकानं चिठ्ठी दिलेल्या मुलांची पुढची तपासणी आणि थेरपी इथे होते. हे केंद्र बहुतेक करून जिल्हा रुग्णालयात असतं.

3) जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग किंवा बालरोगतज्ज्ञ.

4) टेली मानस हेल्पलाइन 14416: ऑक्टोबर 2022 पासून सुरू, 24 तास, मोफत, मराठीत बोलता येतं.

5) पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. मुख्याध्यापकांमार्फत त्यांची भेट मागा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

खेळानं एडीएचडी बरा होतो का?
नाही. खेळानं मैत्रीचं आणि बोलण्याचं कौशल्य सुधारायला मदत होते. डॉक्टरांनी सांगितलेला उपचार त्यासोबत चालूच ठेवायचा.

गोळ्या द्याव्यात का?
ते डॉक्टर ठरवतील. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी आधी आई-वडिलांनी वागणुकीच्या पद्धती शिकाव्यात, असा अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे. मोठ्या मुलांत काहींना औषधाचा चांगला उपयोग होतो. चालू गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका.

मारल्यानं सुधारतं का?
मारानं तेवढ्यापुरतं गप्प बसतं. आवरायला शिकत नाही, उलट मारायचं कसं ते शिकतं आणि तेच मैदानात वापरतं.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळतं का?
2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत एडीएचडीचं वेगळं नाव नाही. पण विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात आहे, आणि काही मुलांना दोन्ही असतं. वाचन, लेखन, गणितात खूप अडचण असेल तर तीही तपासून घ्या.

मोठेपणी काय होतं?
वयाबरोबर पळापळ बऱ्याच जणांची कमी होते. लक्ष न टिकण्याचा त्रास काहींना मोठेपणीही राहतो. पण लहानपणी 'मला कुणी घेत नाही' हे मनात बसलं तर ते काढणं अवघड जातं. म्हणून सुरुवात लवकर करायची.

या आठवड्यापासून एवढंच करा: एक सवंगडी, एक खेळ, 15 मिनिटं, आणि शेजारी बसलेला घरातला एक मोठा माणूस. सुगीच्या दिवसांत आई-बापाला वेळ नसेल तर आजीनं बसावं. सागरगोटे तिच्याइतके चांगले कुणाला येतात?